लिस्बनच्या कोर्तेसमध्ये गोव्याची खुर्ची

गोव्यात निवडणुकीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: ब्रिटिश हिंदुस्थानाला मतपेटी म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं, तेव्हा आमचे प्रतिनिधी लिस्बनच्या संसदेत होते. वाक्य खरं आहे. जानेवारी १८२२ मध्ये गोव्यातून तिघे निवडले गेले. दादाभाई नौरोजी ब्रिटिश कॉमन्समध्ये पोचले ते १८९२ साली, आणि तेही लंडनमधल्या सेंट्रल फिन्सबरीच्या मतदारांच्या मतांवर. गोव्याचे देपुतादो, म्हणजे निवडून दिलेले प्रतिनिधी, गोव्याच्याच मतदारांनी पाठवलेले होते.

पण बहुतेक जण इथेच थांबतात, आणि ते मला खटकतं. खुर्चीला वजन किती होतं हे कळायला ते सभागृह कुणाकुणाचं होतं, कसं भरलं जात होतं आणि त्याने केलेला कायदा मांडवीच्या काठापर्यंत कुठल्या वाटेने येत होता, हे तिन्ही पाहावं लागतं. एकोणिसाव्या शतकात पोर्तुगालची राज्यघटना इतक्या वेळा बदलली, की ‘पोर्तुगीज संसद’ असा एकच शब्द वापरून १८२२ आणि १८९० बद्दल बोलताच येत नाही. म्हणून हा लेख थोडा कलमांच्या वाटेने जाईल.

मुळात कोर्तेस, म्हणजे पोर्तुगालची संसद, ही मध्ययुगातली संस्था. धर्मगुरू, सरदार आणि शहरांचे प्रतिनिधी अशा तीन वर्गांची ती सभा राजा बोलावील तेव्हा भरत असे. गोवा शहराला त्या जुन्या सभेतही जागा होती, पण १६९७-९८ नंतर राजांनी ती बोलावणंच सोडून दिलं. ऑगस्ट १८२० मध्ये पोर्तो शहरात उदारमतवादी उठाव झाला आणि त्यातून नवी, घटना बनवणारी कोर्तेस जन्माला आली. तिची निवडणूक स्पेनच्या कादिझ घटनेच्या नमुन्यावर झाली. पॅरिशमधले, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतले, लोक आधी आपले पंच निवडत, ते पंच पॅरिशचे निवडक ठरवत, हे निवडक जिल्ह्यासाठी पुढचे निवडक ठरवत आणि शेवटी ते देपुतादो निवडत. इतक्या गाळण्यांतून जे खाली उतरले ते बहुतेक वकील, न्यायाधीश, पाद्री, लष्करी अधिकारी आणि जमीनदार होते. २६ जानेवारी १८२१ रोजी ही सभा लिस्बनमध्ये बसली.

गोव्यात याचे पडसाद उमटायला सप्टेंबर उजाडला. १६ सप्टेंबर १८२१ रोजी व्हाइसरॉय कोंद द रियो पार्दो याला बाजूला करून हंगामी जुंता, म्हणजे कारभारी मंडळ, बसवली गेली, डिसेंबरमध्ये तीही बदलली, आणि त्याच महिन्यात ‘गाझेत द गोवा’ हे गोव्यातलं पहिलं वृत्तपत्र निघालं. जानेवारीत निवडणूक झाली. निवडून आले ते नेवऱ्याचा बेर्नार्दो पेरेस दा सिल्वा, कोन्स्तान्सियो रॉक दा कॉस्ता आणि गोव्यात मुख्य वैद्य असलेला पोर्तुगालचा आंतोनियो जुझे द लिमा लेइतांव. म्हणजे दोन गोवेकर आणि एक पाखलो, गोरा पोर्तुगीज.

तारखा जरा शेजारी ठेवून पाहा. गोव्यात मतदान झालं तेव्हा घटनासभा बसून वर्ष होत आलं होतं. शिडाच्या जहाजाने आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपला, वळसा घालून लिस्बन गाठायला सहा महिने धरावे लागत, वाटेत वारा पडला तर जास्तच. पावसाळ्यात मांडवीचं तोंड बंद, तेव्हा निघायचं तर डिसेंबर-जानेवारीतच. घटना तयार झाली २३ सप्टेंबर १८२२ ला. तिच्या मसुद्यावरचे मोठे वाद गोव्याचा माणूस समुद्रावर असतानाच संपले होते. आणि १८२३ च्या उन्हाळ्यात राजाने पुन्हा निरंकुश सत्ता हातात घेतली, कोर्तेस बंद झाली. दर्यापारच्या प्रतिनिधित्वाचं हे मूळ दुखणं पुढे शतकभर राहिलं. सभागृहाचं आयुष्य लिस्बनच्या राजकारणावर ठरायचं, देपुतादोचा प्रवास मोसमी वाऱ्यावर.

१८२२ ची घटना अल्पायुषी ठरली, तरी सभागृहाच्या रचनेच्या दृष्टीने ती शतकातली सर्वांत धीट होती. एकच सभागृह, वरचं सरदारी सभागृह नाहीच. राजाला सभा बरखास्त करता येणार नव्हती, कायदा रोखून धरता येई पण कायमचा मारता येत नव्हता. मतदान थेट आणि गुप्त. मिळकतीची अट मतदाराला नव्हती. पंचवीस वर्षांचा पुरुष पुरे. वगळले होते ते बापाच्या ताब्यातले मुलगे, घरगडी, भटके आणि मठवासी साधू. आणि एक बारीक कलम होतं, जे वाचून या लोकांची दृष्टी कळते: घटना जाहीर होताना जे सतरा वर्षांखालचे आहेत, ते पंचवीसचे होईतो लिहायला-वाचायला शिकले नाहीत तर त्यांना मत नाही. म्हणजे त्या दिवशी निरक्षर असलेल्या प्रौढाचं मत काढून घेतलं नाही, पण पुढच्या पिढीला आठ वर्षांची मुदत देऊन शाळेकडे ढकललं. मला हे कलम फार आवडतं. ते अमलात यायला घटना टिकायला हवी होती.

यानंतर आली ती १८२६ ची सनद, कार्ता कोन्स्तितुसियोनाल. मधले खंड सोडले तर १९१० मध्ये राजेशाही जाईपर्यंत हीच चालली, म्हणून गोव्याच्या कुठल्याही देपुतादोबद्दल वाचताना आधी सनद समजून घ्यावी. २९ एप्रिल १८२६ ची ही सनद ब्राझीलमध्ये बसलेल्या दों पेद्रूने दिली. लोकांच्या सभेने ती बनवलेली नव्हती, आणि रचनेत ते जागोजाग दिसतं.

सनदेने दोन सभागृहं केली. खाली देपुतादोंचं, निवडून आलेलं, चार वर्षांचं. वर पारांचं म्हणजे सरदारांचं, राजाने नेमलेलं, तहहयात आणि वंशपरंपरेने चालणारं, आणि ज्याच्या संख्येला मर्यादाच नाही असं. पहिली यादी सुमारे नव्वद जणांची होती: ड्यूक, मार्केझ, कोंद आणि त्यांच्या जोडीला बिशप-आर्चबिशप. दरवर्षीची बैठक फक्त तीन महिन्यांची. कर आणि सैन्यभरती हे विषय आधी खालच्या सभागृहात निघत. दोन्ही सभागृहांचं पटलं नाही तर दोन्हीकडून सारख्या संख्येची समिती बसे. आणि या सगळ्यावर राजाची ‘नियामक सत्ता’: सभा बोलावणं, लांबवणं, देपुतादोंचं सभागृह बरखास्त करणं, कायद्याला मंजुरी देणं किंवा नाकारणं आणि हवे तितके नवे पार नेमणं.

या शेवटच्या अधिकाराने वरच्या सभागृहाचा तोल ठरत असे. मंत्रिमंडळाचं विधेयक तिथे अडलं, की मुख्य मंत्री राजाकडे जाऊन आपल्या बाजूच्या पारांचा एक घाऊक जथाच नेमून घेई. अशा नेमणुकीला तिथे ‘फोर्नाद’ म्हणत. बहुमत मतदारांकडून न मिळवता राजवाड्यातून मिळवता येण्याची ही सोय होती.

खालचं सभागृह तरी लोकांचं होतं का? कलम ६३ सांगतं की निवडणूक अप्रत्यक्ष: पॅरिशच्या सभेत पात्र नागरिक प्रांताचे निवडक ठरवणार, आणि ते निवडक देपुतादो ठरवणार. प्रत्येक पायरीवर मिळकतीची अट वाढत जाते. पॅरिशमध्ये मत द्यायला वर्षाची निव्वळ मिळकत १०० मिल-रेइस (मिल-रेइस म्हणजे हजार रेइस, रेइस हे पोर्तुगीज नाणं) हवी, निवडक व्हायला २००, देपुतादो व्हायला ४००. वयाची अट पंचवीस, पण विवाहित, लष्करी अधिकारी, पदवीधर आणि दीक्षित पाद्री यांना सूट. कलम ६५ मधून वगळलेल्यांची यादी वाचली की समाजच डोळ्यांसमोर उभा राहतो: बापाच्या घरात राहणारे मुलगे, सरकारी नोकरीत नसतील तर, घरगडी, पण पेढीचा हिशेबनीस आणि मुख्य कारकून सोडून, मठात राहणारे, आणि शंभर मिल-रेइस नसलेले सगळे. मुक्त झालेला गुलाम पॅरिशमध्ये मत देऊ शके, निवडक मात्र होऊ शकत नसे. बायकांचा उल्लेखही नाही, कारण लिहिणाऱ्यांच्या मनात तो प्रश्नच आला नव्हता.

हे गोव्याला लावून पाहा. साष्टी, बारदेश, तिसवाडीतला भाटकार म्हणजे जमीनदार बसतो. पाद्री बसतो, वकील बसतो, सरकारी कचेरीतला वरचा कारकून बसतो, १८४२ मध्ये पणजीला वैद्यकीय शाळा निघाल्यावर तिथून शिकून धंद्यात पडलेला डॉक्टर बसतो. भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणारा मुंडकार बसत नाही, माडाची सूर काढणारा रेंदेर बसत नाही, मासे मारणारा खारवी बसत नाही. गोव्याचा देपुतादो म्हणताना गोव्यातल्या या एका थराचा देपुतादो असं समजावं.

जुने कागद वाचणाऱ्यांना इथे रकमेबद्दल दोन गोष्टी सांगायला हव्यात. पोर्तुगीज कागदांत १०० मिल-रेइस ही रक्कम १०० आणि ००० यांच्या मधे डॉलरसारखी खूण घालून लिहितात. ती खूण हजाराची आहे, अमेरिकेशी तिचा संबंध नाही. कित्येक घराण्यांच्या इतिहासात ही चूक छापून आली आहे. दुसरं, गोव्याचे रेइस आणि पोर्तुगालचे रेइस एका किमतीचे नव्हते. गोव्यात ६० रेइसची एक टांग आणि ५ टांगांचा एक अशर्फी असा हिशेब होता, पुढे १६ टांगांचा रुपया आला. म्हणून मिळकतीचा आकडा कुठल्या रेइसमध्ये लिहिला आहे हे पाहिल्याशिवाय ‘आमचे पणजोबा एवढे श्रीमंत’ असं लिहू नये.

सनदेतली प्रदेशांची यादीही नीट वाचण्यासारखी आहे. आशियात साष्टी, बारदेश, गोवा, दमण, दीव, मग मकाव आणि सोलोर-तिमोर. (मुंबईच्या वाचकांसाठी: ही साष्टी मडगावची. तुमची साष्टी १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतली आणि १७७४ पासून ती इंग्रजांकडे होती.) या यादीत पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे, केपे, काणकोण यांपैकी एकही नाव नाही. नव्या काबिजादी, म्हणजे अठराव्या शतकात मिळवलेले हे तालुके, पोर्तुगिजांकडे येऊन तोवर सुमारे चाळीस ते साठ वर्षं झाली होती, क्षेत्रफळाने गोव्याचा मोठा भाग तोच, आणि तिथली वस्ती बहुतांशी हिंदू. नागरिकत्वाचं कलम धर्म विचारत नव्हतं. पोर्तुगालच्या मुलखात जन्मलेला तो नागरिक. पण कॅथलिक धर्म हा राज्याचा धर्म असं कलम ६ म्हणत होतं आणि गादीवर बसताना राजा तोच धर्म राखण्याची शपथ घेत होता. कागदावरचं समान नागरिकत्व आणि प्रत्यक्षातलं राजकारण यांत अंतर होतं. त्या शतकात गोव्याच्या बाजूने कोर्तेसमध्ये ठळकपणे दिसणारी नावं पाहा: जुन्या काबिजादीतल्या ख्रिस्ती घराण्यांची, नाहीतर पोर्तुगालहून आलेल्यांची. मराठीत पत्रव्यवहार करणारा, मराठीत हिशेब ठेवणारा गोवा त्या बाकांवर दिसत नाही.

पेरेस दा सिल्वाकडे परत वळू, कारण सभागृहाच्या उलथापालथी एका माणसावर कशा आदळल्या हे त्याच्या आयुष्यात स्पष्ट दिसतं. सनद आल्यावर तो पुन्हा लिस्बनला गेला. १८२८ मध्ये दों पेद्रूचा भाऊ दों मिगेल याने देपुतादोंची सभा मोडली, जुनी तीन वर्गांची कोर्तेस बोलावली आणि तिच्याकडून स्वतःला राजा म्हणवून घेतलं. पेरेस दा सिल्वाला देश सोडावा लागला. इंग्लंडमार्गे तो ब्राझीलला गेला. उदारमतवादी जिंकल्यावर १८३४ मध्ये त्याला गोव्याचा प्रिफेक्ट नेमलं, आणि गोव्याचा माणूस पहिल्यांदाच गोव्याच्या मुख्य जागी बसला. जानेवारी १८३५ च्या मध्याला त्याने कारभार घेतला आणि १ फेब्रुवारीला लष्करी बंडाने त्याला हुसकलं. तीन आठवडेही नाहीत. लिस्बनच्या सभेत गोवेकर बसलेला चालत होता. पणजीत त्याच्या हाताखाली काम करणं इथल्या गोऱ्या आणि मेस्तिस (मिश्र रक्ताच्या) लष्करी वर्गाला चाललं नाही. पुढे तो पुन्हा देपुतादो झाला आणि १८४४ मध्ये लिस्बनलाच वारला.

मधल्या काळातली धावपळ थोडक्यात. सप्टेंबर १८३६ च्या क्रांतीने १८२२ ची घटना तात्पुरती परत आणली, १८३८ मध्ये नवी घटना झाली. तिने पारांच्या जागी निवडून येणारं सेनेट आणलं आणि देपुतादोंची निवडणूक थेट केली, मिळकतीची अट ८० मिल-रेइसवर आणली. फेब्रुवारी १८४२ मध्ये कोश्ता काब्राल या मंत्र्याने ती गुंडाळून सनद परत आणली, आणि पारही परत आले. १८३४ ते १८४२ या आठ वर्षांत तीन वेगवेगळ्या पायांवर सभागृह भरलं गेलं. या काळातला कुणी देपुतादो असेल, तर तो कुठल्या घटनेखाली निवडला गेला हे आधी तपासावं. निवडणूक अप्रत्यक्ष की थेट, हे त्यावरून ठरतं.

५ जुलै १८५२ चा पुरवणी कायदा मात्र टिकला, आणि गोव्यासाठी त्या शतकातलं सर्वांत महत्त्वाचं कलम त्यातच आहे. त्याने देपुतादोंची निवडणूक सनदेखालीही थेट केली आणि शिक्षणाची पदवी असणाऱ्याला मिळकतीच्या पुराव्यातून मोकळं केलं. ते चांगलंच झालं. पण कलम १५ पाहा. ते म्हणतं की दर्यापारचे प्रांत खास कायद्यांनी चालवता येतील. पुढे पोटकलमं: कोर्तेस बसलेली नसेल तर सरकार, संबंधित खात्यांचा सल्ला घेऊन, तातडीचे कायदे हुकमाने काढू शकेल. त्याहूनही घाई असेल तर प्रांताचा गव्हर्नर, आपल्या कौन्सिलाला विचारून, स्वतःच उपाय करू शकेल. नंतर कोर्तेस भरली की हे सगळं तिच्यापुढे ठेवायचं.

आता बैठकीचे महिने आठवा. वर्षात तीन. म्हणजे वर्षाचे नऊ महिने, आणि सभा बरखास्त असेल तर त्याहून जास्त काळ, गोव्यासाठीचा कायदा मंत्रालयातून हुकमाने निघू शकत होता. देपुतादो बोलू शकत होता, प्रश्न विचारू शकत होता, आधीच अमलात आलेल्या हुकमावर नंतर टीका करू शकत होता. कायदा घडताना त्याचा हात लागेलच अशी खात्री नव्हती. हे मी मुद्दाम सविस्तर लिहितो आहे, कारण गोव्याच्या प्रतिनिधित्वाचा अभिमान सांगणाऱ्या लेखनात कलम १५ क्वचितच सापडतं, आणि ते वगळलं तर सगळं चित्रच चुकतं.

उदाहरण आपल्या रोजच्या व्यवहारातलं घ्या. गोव्यात आजही लग्नानंतरची मालमत्ता आणि वारसा ज्या कायद्याच्या परंपरेने चालतात, ती पोर्तुगीज नागरी संहिता कोर्तेसने १ जुलै १८६७ च्या कायद्याने मंजूर केली. दर्यापारच्या प्रांतांना ती कशी आणि कुठल्या बदलांसह लावायची हे त्याच कायद्याने सरकारवर सोपवलं. सरकारने १८ नोव्हेंबर १८६९ च्या हुकमाने ती लागू केली, १ जुलै १८७० पासून. गोव्याच्या हिंदूंच्या चालीरीतींसाठीची वेगळी संहिता आली तीही १६ डिसेंबर १८८० च्या हुकमाने. म्हणजे नोटरीकडे ज्या कागदावर आपण सही करतो, त्याचा मूळ मजकूर सभागृहातून आला आणि तो गोव्यात आला तो हुकमातून.

याच काळात गोव्याने पाठवलेला सर्वांत तेजस्वी माणूस सभागृहात होता. नावेलीचा डॉ. फ्रान्सिस्को लुईस गोमिश, जन्म १८२९, देपुतादो १८६१ पासून. दर्यापारच्या प्रांतांना संसदेत जागा असू नये असा सूर निघाला तेव्हा सुरुवातीच्याच भाषणात त्याने त्याला उत्तर दिलं. ३० सप्टेंबर १८६९ रोजी गोव्याला परतताना जहाजावरच तो वारला. सुएझ कालवा उघडायला तेव्हा दीडेक महिना बाकी होता. पणजीतली कांपालची बाग आणि नावेलीचं जिल्हा ग्रंथालय त्याच्या नावाने आहे. त्याच्या आधी मडगावचा बेर्नार्दो फ्रान्सिस्को दा कॉस्ता देपुतादो होऊन आला होता. त्याने मडगावात छापखाना घातला आणि १८५९ मध्ये ‘उल्त्रामार’ हे गोव्यातलं पहिलं खाजगी वृत्तपत्र काढलं.

निवडणूक थेट झाल्यावर गोव्यात पक्ष उभे राहिले. कॉस्ता घराण्याभोवती उल्त्रामार पक्ष, ओर्लीच्या लोयोला घराण्याभोवती इंडियानो पक्ष, दोघांचीही आपापली वृत्तपत्रं. बामण आणि चार्डे या ख्रिस्ती जातींमधली जुनी तेढ त्यात उतरली. तिची धग कामर म्युनिसिपालच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, निवडणुकीत जास्त होती: २१ सप्टेंबर १८९० ला मडगावच्या चर्चपुढे सैनिकांनी लोकांवर गोळ्या झाडल्या, माणसं मेली. कोर्तेसची जागा मात्र अनेकदा वेगळ्याच ठिकाणी ठरत होती. लिस्बनमध्ये रेजेनेरादोर आणि प्रोग्रेसिस्ता हे दोन मोठे पक्ष आळीपाळीने सत्तेवर येत. राजा नवं मंत्रिमंडळ नेमी, मंत्रिमंडळ सभा बरखास्त करून घेई, आणि निवडणूक त्याच मंत्रिमंडळाच्या देखरेखीखाली होई. साहजिकच सरकार हरत नसे. दर्यापारच्या जागा यात सोयीच्या ठरत: मुख्य देशात जागा न मिळालेल्या पक्षाच्या माणसाला तिथे बसवता येई, गव्हर्नरचं वजन पाठीशी असेच. म्हणून गोव्याच्या देपुतादोंच्या यादीत गोवा कधीही न पाहिलेल्या माणसाचं नाव दिसलं तर ती छपाईची चूक समजू नये.

उलटही घडलं. गोवेकर मूळ असलेला एल्विनो द ब्रितो शतकाच्या शेवटी सार्वजनिक बांधकाम, व्यापार आणि उद्योग खात्याचा मंत्री झाला; पोर्तुगालचा १८९९ चा धान्याचा कायदा त्याच्या नावाने ओळखला जातो. तो तिथवर पोचला लिस्बनच्या पक्षातून आणि नोकरशाहीतून. गोव्याच्या खुर्चीने जे दिलं नाही ते पक्षाने दिलं, असं मला वाटतं.

वरचं सभागृह बदललं ते २४ जुलै १८८५ च्या पुरवणी कायद्याने. वंशपरंपरा संपवण्याचं ठरलं. राजाने नेमलेले १०० तहहयात पार आणि ५० निवडलेले, शिवाय राजघराण्यातले आणि बिशप हक्काने. निवडलेल्या ५० पैकी ४५ जिल्ह्यांकडून आणि ५ वैज्ञानिक संस्थांकडून. हे जिल्हे म्हणजे पोर्तुगालचे आणि अझोरेस-मदैरा बेटांचे. दर्यापारचे प्रांत जिल्हे नव्हते, तेव्हा निवडून येणाऱ्या पारांमध्ये गोव्याचा वाटा नव्हता. त्याच कायद्याने देपुतादोंची मुदत चारावरून तीन वर्षांवर आणली, म्हणजे दूरच्या प्रांताला आधीच अपुरा असलेला वेळ आणखी कमी झाला. दहा वर्षांनी निवडून येणारे पारही काढून टाकले गेले.

आता शोध घेणाऱ्यांसाठी. कुणी ‘अमुक साली देपुतादो’ म्हटलं, तर तीन तारखा वेगळ्या काढा. पहिली निवडणुकीची. दुसरी अधिकारपत्र तपासणीची: निवडणुकीचे कागद, म्हणजे आक्ता, लिस्बनला पोचल्यावर सभागृहाची समिती ते तपासे, आणि त्यात दोष निघाला तर जागा अडे. तिसरी शपथेची. या तिन्हींत गोव्याच्या बाबतीत कित्येक महिन्यांचं अंतर पडू शकतं, आणि मधेच सभा बरखास्त झाली तर माणूस निवडलेला राहतो पण बसलेला नसतो. निवडणुकीची बाजू गोव्यात सापडेल, १८३७ पासून निघालेल्या सरकारी बोलेतींमध्ये, म्हणजे राजपत्रांमध्ये. पणजीचं मध्यवर्ती ग्रंथालय आणि पुराभिलेख खातं ही पहिली दोन ठिकाणं. तपासणी, शपथ आणि भाषणं सभागृहाच्या इतिवृत्तांत सापडतील. ती पोर्तुगालच्या संसदेने इंटरनेटवर मोफत ठेवली आहेत. देपुतादोंची आणि पारांची मालिका वेगवेगळी आहे, तेव्हा एकीत नाव नाही म्हणून निष्कर्ष काढू नये.

नावाने शोधताना जुनं शुद्धलेखन धरा, एकाच आडनावाची दोन-तीन रूपं करून पाहा. घराण्यात नाव पुन्हा ठेवण्याची चाल असल्यामुळे घोळ होतो: १८२२ चा कोन्स्तान्सियो रॉक दा कॉस्ता आणि शतकाच्या उत्तरार्धात त्याच नावाने लिस्बनमध्ये वावरणारा देपुतादो हे दोन वेगळे पुरुष. भाषणाच्या मथळ्यात बहुधा पूर्ण नाव नसतं, ‘श्रीयुत गोमिश’ एवढंच असतं, आणि त्या काळी सभागृहात गोमिश एकच असेल याची शाश्वती नाही. म्हणून त्या वर्षीच्या सभासदांच्या यादीशी ताडा, मग मजकुरात गोवा, दमण किंवा ‘एस्तादो दा इंदिया’ (पोर्तुगीज हिंदुस्थान) येतं का ते पाहा. आणि त्या बैठकीआधीच्या महिन्यांत गोव्यासाठी कुठले हुकूम निघाले याची यादी शेजारी ठेवा, कारण देपुतादो बऱ्याचदा बोलत असतो तो आधीच निघून गेलेल्या हुकमाबद्दल.